भांडवलशाहीची आणेवारी

नांदेड ते नांदूरघाट

गुरमीत माझ्याबरोबर बीडला येईल असं मला शेवटपर्यंत वाटलं नव्हतं. तो आणि मी इटलीत एकाच गोठ्यात कामाला आहोत. पो नावाच्या नदीच्या सपाट मुलुखात एन्झो म्हणून शेतकरी आहे, त्याच्या गाईंच्या धारा आम्ही दोघं काढतो. त्याआधी दुबईतही आम्ही एकाच खोलीत होतो. गुरमीत पंजाबातला, कालव्याच्या पाण्यावर वाढलेला. यंदा दोघांना रजा एकाच वेळी मिळाली. त्याला नांदेडला माथा टेकायचा होता आणि मला घरी जायचं होतं. माथा टेकून झाल्यावर तो म्हणाला, "चल, तेरा सूखा भी देख लेते हैं." जणू दुष्काळ म्हणजे आमच्याकडचं एखादं लेणंच.

तो मजेत होता, मी मात्र काळजीत होतो. कारण अक्काचा फोन.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण कमल. तिचं सासर पाटोद्याजवळच्या एका गावात आहे आणि तिथल्या बायकांच्या दूध सोसायटीची ती चेअरमन आहे. फोनवर तिनं ख्यालीखुशाली विचारलीच नाही.

"मिलिंदा, रविवारी मीटिंग हाय. खाजगी डेअरीवाला म्हन्तोय, सोसायटी बंद करा आन् दूध आमाला घाला. निम्म्या बाया तिकडं झुकल्यात. तू दुबई बघितली, इटली बघितली. उभा ऱ्हाऊन सांग, मोठ्या देशांत कसं चालतं."

"अक्का, मी आठवीसुदिक पुरी केलेली न्हाई."

"मंग हितं कोन बाई वकील हाय?"

अक्काला मी नाही म्हणू शकत नाही. शाळा सुटली तेव्हा घरात मला कुणी काही बोललं नाही, आणि ते न बोलणंच फार लागलं होतं. अक्का तेवढी म्हणाली, "आता पुढं काय, ते बोल." पासपोर्टसाठी लेकरू कडेवर घेऊन ती माझ्याबरोबर हिंडली. मी परदेशात असताना आईच्या डोळ्याचं ऑपरेशन तिनंच निभावलं. आज एन्झोच्या गोठ्यात मी गरम पाण्यानं हात धुतो, त्यामागं तिचं हिंडणं आहे. पण भर सभेत मी आजवर कधी बोललो नव्हतो.

एसटीत मी गुरमीतला सगळं सांगितलं. तो खूश झाला, कारण हा आमचा जुनाच वाद. कोणता देश किती भांडवलशाही, यावर आम्ही दुबईच्या खाटेवर भांडलोय आणि इटलीत शेण ओढतानाही भांडलोय. त्याचा हिशोब सोपा: दुबई पूरी, इटली आधी म्हणजे निम्मी, हिंदुस्तान बिलकुल नहीं.

खिडकीबाहेर मात्र त्याचा हिशोब बिघडायला लागला. खाजगी दवाखान्यांच्या पाट्या, इंग्लिश स्कूलच्या पाट्या, क्लासच्या पाट्या, थंड पाण्याच्या जारच्या गाड्या, आणि टँकर. टँकरमागून टँकर.

"यार, पानी भी बिकता है?"

"सरकारी टँकर पण आहेत. ते पुरत नाहीत."

मग एक साखर कारखाना आला. हा कुणाचा, त्यानं विचारलं. सभासदांचा, मी म्हटलं. म्हणजे सरकारचा? नाही. मग सेठचा?

"नाही रे. म्हणजे... निवडून आलेल्या सेठचा."

पुढच्या सीटवरचे एक म्हातारबाबा हसता हसता खोकायला लागले. मागं वळून मला म्हणाले, "पाव्हन्याला नीट सांगा की. आमच्याकडं साखर सहकारी हाय, बँक सहकारी हाय. तहान तेवढी ज्याची त्याची."

नांदूरघाट

घरी पोचलो तेव्हा आईनं हुलग्याचं शेंगोळं चुलीवर ठेवलेलं होतं. ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यासाठी सांगतो: हुलग्याच्या पिठाची लांब वळी करायची, तिची कडी वळायची आणि लसणाच्या तिखट रश्श्यात शिजवायची. दुष्काळात भाजी नसते, पण हुलगा असतो. गुरमीतनं ताटात पाहिलं आणि ओरडला, "ओये, ये तो देसी पास्ता है!"

"काय म्हन्तोय ह्यो?" आईनं विचारलं.

"इटलीत असलंच खातात म्हणतोय."

"मंग कावून गेलास एवढ्या लांब?"

गुरमीतनं तीनदा वाढून घेतलं. आई त्याच्याकडं अशी बघत होती की मला जरा हेवाच वाटला.

सकाळी घोटाळा झाला. मी विहारात वंदनेला गेलो होतो. परत आलो तर गल्लीतल्या बायका आमच्या दारात जमलेल्या आणि पदर तोंडाला लावून हसत होत्या. गुरमीतनं अंघोळ केली होती. न्हाणीतल्या पिंपातलं पाणी त्यानं पंजाबात घेतात तसं, केस मोकळे सोडून, गाणं म्हणत अंगावर घेतलं होतं. पिंपाचा तळ दिसत होता. ते पाणी पुढचा टँकर येईपर्यंतचं होतं.

त्याला कळलं तेव्हा पगडी बांधायची सोडून तो तसाच उभा राहिला. "माँजी, माफ करना. मुझे क्या पता..."

"न्हाऊ दे रं," आई म्हणाली. "पाव्हना हाय. तुमी तरी काय बघताव? मानूस न्हालेला बघितला न्हाई कवा?"

"येवढा न्हालेला न्हाई बघितला, काकू!" गल्लीतून आवाज आला.

पण प्रत्येकीनं आपल्या घरून एकेक कळशी आणून पिंपात ओतली. कुणी काही मागितलं नव्हतं. संध्याकाळी टँकर आला तेव्हा गुरमीत नळीपाशी उभा राहिला आणि म्हाताऱ्यांच्या घागरी खांद्यावरून पोचवत राहिला. मी त्याला गमतीनं विचारलं, "आता बोल. ही कळशी कोणत्या शाहीतली?"

"चुप कर," तो म्हणाला. डोळे पुसत होता की घाम, ते कळलं नाही.

पाली

दुसऱ्या दिवशी मांजरसुंब्याला उतरून आधी पालीला गेलो, मामाकडं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. कोतवाल म्हणून रिटायर झालेला, आणि अख्ख्या महसूल खात्याचा गाडा आपणच ओढला असं मानणारा. तो आम्हाला बिंदुसरेच्या धरणात घेऊन गेला. धरणावर नव्हे, धरणात. मी लहानपणी जिथं पाण्याला भ्यायचो तिथं जमीन तडकून तिच्या खपल्या झाल्या होत्या. पण ओसाड म्हणावं तर नाही. ट्रॅक्टरच ट्रॅक्टर! लोक तळातला गाळ भरभरून आपल्या वावरात नेत होते. धुरळा, हॉर्न, चहाची टपरी, भेळेची गाडी. धरणाच्या पोटात जत्रा भरलेली.

टपरीवर आमचा वाद परत निघाला. मामानं विचारलं, "भांडवलशाही म्हंजी काय बे, नीट सांग."

गुरमीत म्हणाला, "मामाजी, जहाँ सब कुछ बिकता है और मालिक अपनी मर्जी का राजा।"

"मंग त्यात भांडायचं काय? आनेवारी काढा की!"

आणेवारी हा आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक असलेला शब्द. पीक काढणीला आलं की गावातल्या एखाद्या वावरात दोरीनं चौकोन आखतात. त्यातलंच पीक कापून, मळून, वजन करतात. चांगल्या सालाच्या मानानं रुपयात किती आणे पिकलं ते ठरवतात. कागदावर आता पैसे लिहितात, पण तोंडात आणेच आहेत. आठ आण्यांच्या खाली गेली तर दुष्काळ, वर राहिली तर बसा बोंबलत.

"दोरीचं एक टोक माझ्या हातात आसायचं," मामा म्हणाला. "तलाठी बदलले, मी न्हाई बदललो. चला, दुबईची काढू. चौकोन कुठं टाकायचा?"

"मॉल में!" गुरमीत म्हणाला. "सोलह आने!"

मामानं कपाळाला हात लावला. "हीच चूक! एका गावात आसंच केलतं. हिरीच्या कडंचं वावर धरलं. तिथं पीक डुलत व्हतं, बाकी शिवार करपलेलं. आनेवारी आली झकास आन् गावाला फुटकी पेंडी मिळाली न्हाई. मॉल म्हंजी हिरीकडंचं वावर. तुमी कुठं ऱ्हात व्हताव?"

आम्ही लेबर कँपात राहायचो. खाट कंपनीची, जेवण कंपनीचं, बस कंपनीची. मालक बदलायचा म्हटलं तर त्याचीच परवानगी. आणि मोठमोठ्या कंपन्या बऱ्याचशा तिथल्या राज्याच्याच, असं सगळे सांगायचे.

"मंग ह्यो बाजार कुठं झाला? ह्ये तर सालगडी धरल्यावानी झालं," मामा म्हणाला. "आठ आने लिव्ह."

गुरमीतनं खूप हुज्जत घातली, पण पंच ऐकेना. मग इटली. तिथं गोठा एन्झोचा, जमीन एन्झोची, आणि मजुराला तो आवडला नाही तर मजूर दुसरा गोठा धरतो. हे झालं खाजगी. पण गुरमीतच्या गुडघ्यावर गाईनं लाथ घातली तेव्हा सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि कुणी बिल पुढं केलं नाही. आणि दूध? दूध शेतकऱ्यांच्या सोसायटीत जातं. तिथल्या तिथं त्याचं चीज बनतं. चाकाएवढ्या गोल ढेपा वर्षवर्ष फळ्यांवर मुरत ठेवतात. कारखाना सगळा दूधवाल्यांचा.

मामा गोंधळला. "गोऱ्या मानसांत पन सोसायटी?"

"आहे ना. जुनी आहे."

"मंग एकाच वावरात तीन पिकं हायेत," तो म्हणाला. "आसल्याची आनेवारी न्हाई निघत. ज्याची त्याची येगळी काढावं लागती." आपल्या देशाची काढायला मात्र त्यानं साफ नकार दिला. आपल्या गावाला आपण पंच व्हायचं नसतं, हा मामाचा कायदा. म्हणून गुरमीत पंच झाला. त्यानं पाण्याच्या जारकडं पाहिलं, गाळाच्या ट्रॅक्टरांकडं पाहिलं, आणि म्हणाला, "चौदह आने. और दो आने वो कलशी वाली औरतें।"

पाटोदा

पाटोद्याच्या बाजारात खव्याचा वास आधी येतो, मग बाजार दिसतो. आमच्या डोंगराळ भागात शेती हात देत नाही, म्हणून दूध आटवून खवा करायची रीत फार. मी गरम खवा पानावर घेऊन उभ्यानं खाल्ला. एन्झोच्या गावात अडीच वर्षं मुरलेलं चीज खाल्लंय, पण चुलीवरून नुकता उतरलेला, कडेला किंचित लागलेला खवा... जाऊ द्या, ते लिहून कळायचं नाही.

अक्का स्टँडवर घ्यायला आली होती. मला बघून तिनं आधी माझा शर्ट ओढून सरळ केला. मग गुरमीतला म्हणाली, "पानी बचाके नहाना, भैया." बातमी आमच्या आधी पोचली होती.

रविवारी सकाळी मी सोसायटीत गेलो. अंगणवाडीशेजारची एक खोली. बायका चरव्या घेऊन येत होत्या, अक्का मापानं मोजून एकाच कॅनमध्ये ओतत होती. कुणाची म्हैस, कुणाची जर्शी गाय, सगळं एकत्र. दुष्काळानं दूधच इतकं आटलेलं की दोन वेगळे कॅन भरतही नव्हते. कोपऱ्यात फॅटचं, म्हणजे दूध किती दाट ते मोजायचं मशीन होतं, खोक्यात, प्लॅस्टिकसकट.

"अक्का, मशीन लावत न्हाईस?"

"कशापाई? चारा कुनाला मिळतो, कुनाला न्हाई. अंजनाची गाय वाळल्या पाल्यावर जगती. तिचं दूध हालकं म्हनून तिच्या तोंडावर सांगू? सगळ्यांला एकच दर. सोसायटी म्हंजी सगळे सारखे."

गुरमीतनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. कारण एन्झोच्या सोसायटीत काय चालतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आणि खाजगीकडं कोण झुकलंय तेही मला तिथंच कळलं. ज्यांच्या चरव्यांवर साय दाटत होती त्या बायका हिशोब घेताना आकडा दोनदा बघत होत्या. म्हशीवाल्या. रोज त्या दाट दूध घालत होत्या आणि आठवड्याला पातळाचा दर नेत होत्या.

मी अक्काला बाजूला घेऊन सांगायला गेलो. ती सतरंज्या अंथरत होती. "जे सांगायचं ते मीटिंगमधी सांग," म्हणाली. "म्हनून तर बोलीवलंय."

आता माझी खरी पंचाईत झाली. इटलीतल्या सोसायटीचं गुणगान करून खाली बसलो तर अक्का खूश, पण सोसायटी जाणार. खरं बोललो तर ज्या बहिणीनं मला जगात धाडलं तिलाच तिच्या बायकांसमोर चूक ठरवायचं. मला सकाळचा घास गेला नाही.

मीटिंग समाजमंदिरात झाली. खाजगी डेअरीचा माणूस तरुण होता, नम्र होता आणि चांगलं बोलला. उन्हाळ्यात जास्त दर, फॅटप्रमाणे पैसे, वर पशुखाद्य उधारीवर. "आणि ताई, जगात आता सगळीकडं खाजगीच आहे," तो म्हणाला. "पुढारलेले देश बघा. सोसायटी हा जुना जमाना झाला. शिवाय सोसायटीत भेसळीचाही प्रश्न असतो, पाणी वगैरे..."

मागून एक आजी उठली. "आरं बाबा, ह्या दुष्काळात दुदात घालायला पानी तरी कुठं हाय? पानी म्हाग झालंय दुदापक्षा!"

समाजमंदिर हसून हलायला लागलं. तो पण हसला. त्या हसण्यात अक्कानं मला खुणावलं. मी उठलो. हात कापत होते म्हणून पाठीमागं बांधले.

"साहेब म्हणाले पुढारलेल्या देशांत सगळं खाजगी आहे. मी एका पुढारलेल्या देशात रोज गाईंच्या धारा काढतो. तिथली गाय खाजगी आहे. दूध सोसायटीत जातं."

"बघा!" अक्का म्हणाली.

"थांब, अक्का. अजून झालं न्हाई." मी बायकांकडं वळलो. "तिथं सोसायटी म्हणजे सगळे सारखे असं नाही. मताला सारखे. माझ्या मालकाच्या गाई खूप आहेत, शेजाऱ्याच्या थोड्या, तरी सभेत दोघांनाही एकच मत. पण दूध सारखं नाही. प्रत्येकाचं दूध रोज तपासतात. ज्याचं दाट त्याला जास्त, पातळ त्याला कमी. एकदा माझ्या मालकाचं दूध नासकं निघालं. तो तिथल्या कमिटीवर आहे. कमिटीनं त्याचं दूध परत पाठवलं, आणि त्यानं स्वतः ते नालीत ओतलं. रागावला नाही. मी त्याला विचारलं, तर म्हणाला, माझं खराब दूध त्यांनी घेतलं असतं, तर दुसऱ्या दिवशी चांगलं दूधवाले निघून गेले असते."

अक्काकडं मी बघितलंच नाही.

"आपल्या म्हशीवाल्या बाया वाईट नाहीत," मी म्हटलं. "त्या निघाल्यात कारण आपण त्यांचं दूध मोजत नाही. दूध फॅटनं मोजा, मत डोकी मोजून घ्या. मशीन खोक्यात हाय. एवढंच."

मी खाली बसलो. मला वाटलं, आता अक्का परत माझ्याशी बोलणार नाही.

बोलली ती शेवंताकाकू. तिच्या दोन म्हशी होत्या आणि सगळ्यांत आधी जाणार ती, हे गावाला माहीत होतं. ती डेअरीवाल्याकडं वळली. "साहेब, तुमाला दूध पायजे का सोसायटी बंद पायजे?"

"दूध पाहिजे, काकू."

"मंग सोसायटीकडून इकत घ्या की. फॅट मोजून देतो आमी. उन्हाळ्यातला दर चांगला हाय तुमचा. पन पावसाळ्यात दूध वाढल्यावर दर पाडलात, तर आमी दुसऱ्याला इकू. बाजारात जाताना कुनी आपलं दुकान पाडून जातं का?"

डेअरीवाला विचारात पडला. साहेबांना विचारून सांगतो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं की हे जमेल.

मग वाळल्या पाल्यावर गाय जगवणारी अंजना उठली. मला धाकधूक, कारण फॅटप्रमाणे दर लागला तर तिचंच नुकसान. ती म्हणाली, "लावा मशीन. मला कमी मिळालं तर कमी. पन चाऱ्याची पेंडी सोसायटीनं आनली तर आदी माझ्या गाईला द्या. दूध येगळं मोजा, भूक एका जागी मोजा."

मशीन लावायच्या बाजूनं हात वर झाले. सोसायटी बंद करायच्या बाजूनं एकही नाही. अक्कानंही हात वर केला, पण सगळ्यांत शेवटी, आणि माझ्याकडं न बघता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतः खोकं फोडलं. मशीन पुसलं, वायर लावली. बायका गोल करून उभ्या. पहिलं दूध कुणाचं, यावर कुजबुज सुरू झाली. अक्कानं स्वतःच्या जर्शीची चरवी पुढं केली. मशीन घरघरलं आणि आकडा आला. त्या सकाळी आलेल्या सगळ्या चरव्यांत तोच सर्वांत खाली राहिला. अंजनाच्या पाला खाणाऱ्या गाईचा सुद्धा त्याच्या वर निघाला.

क्षणभर हसावं की नाही ते कुणाला कळेना. मग अंजनानंच तोंडावर पदर घेतला, आणि मग काय, खोलीच फुटली. शेवंताकाकू म्हणाली, "चेअरमनबाई, तुमी पानी कुठून आनताव तेवढं सांगा, आमाला प्यायला लागतंय!" अक्का दारात टेकून, पोट धरून हसत होती. इतकी हसलेली मी तिला तिच्या लग्नातही पाहिली नव्हती. हसता हसता तिनं आपल्या नावापुढं आपला आकडा लिहिला.

मंगळवारी स्टँडवर सोडायला ती आली. गुरमीतला खव्याचा डबा दिला, मला एक गाठोडं दिलं आणि माझा शर्ट पुन्हा सरळ केला.

"अक्का, राग आला का?"

"आलता की. परवा संध्याकाळपस्तोर व्हता." एसटी सुरू झाली तशी ती खिडकीपाशी चालत आली. "आन् ऐक. माझ्या इरोधात बोलायचं आसंल तवा आदी पोटभर जेवून घेत जा. पाठीमागं हात लई कापत व्हते तुझे. सगळ्या बायांनी बघितलं."